चादरीखालची शिलाई मशीन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. आता ती बरीच पुसली आहे; पण टाका अजून सरळ पडतो, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

माझी बाई लोकांचे कपडे शिवते. ती, तिची लेक आणि मी तळमजल्यावर भाड्याने राहतो. वर घरमालक आणि त्यांची आई, म्हणजे आमच्या आजी.

यंदा कराराची मुदत संपत आली. मालकांनी नव्या कराराचा मसुदा दिला आणि लेकीने तो वाचून दाखवला. त्यात एक ओळ नवी होती : 'जागेत कोणताही व्यवसाय करू नये.' बाईने हातातलं शिवण बाजूला ठेवलं.

"आई, विचारू या ना त्यांना," लेक म्हणाली.

"गप बस. विचारलं की नाहीच म्हणतील. सही होईपर्यंत मशीन झाकून ठेवू."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! माझ्यावर चादर पडली आणि शोभेला पाण्याची फुलदाणी. गिऱ्हाइकं दारातूनच परत जाऊ लागली. रस्त्यावर भंगारवाला ओरडला की मला धडकी भरायची. त्यात फुलदाणी गळकी निघाली. पाणी माझ्या सांध्यांत झिरपत होतं आणि मला ओरडताही येत नव्हतं.

सहीला मालकांबरोबर आजीही खाली आल्या.

"काय गं, मशीन विकलीस? आवाज नाही, काही नाही. घर सोडतेस की काय?"

बाईला रडूच फुटलं. "त्या व्यवसायाच्या ओळीमुळे, आजी..."

मालक चक्रावले. "ताई, मी मित्राचा करार उतरवून घेतला. नुसती नावं बदलली. ती ओळ माझ्या ध्यानातही नाही."

"न वाचताच? शाबास!" आजी म्हणाल्या.

मालकांनी ओळ खोडली. लेकीने मात्र हट्टाने 'घरी शिवणकाम करण्यास हरकत नाही' असं लिहून घेतलं, मगच सह्या झाल्या.

बाईने आनंदाने चादर ओढली आणि चाकाला हात घातला. चाक हलेना. गंजलेल्या चाकाकडे पाहून तिचा चेहरा उतरला. पदराने मला पुसत, तेलाचे थेंब सोडत ती म्हणाली, "घर वाचवायला गेले आणि तुलाच बुडवलं गं."

मित्रांनो, मनातली भीती वेळेवर बोलून दाखवा. आपल्याला पोसणारी वस्तू भीतीपोटी दडवू नका. तिला तेलपाणी करा. माझं चाक आज कुरकुरत अर्धाच फेरा फिरलं. उरलेला अर्धा फिरेल की नाही, मला ठाऊक नाही.