दर गुरुवारी हरवणारी किल्ली

किल्लीवाल्याने तार नुसती दाखवली तरी कुलपं मान टाकत. एकदा तर म्हणे तिजोरी त्याच्या शिंकेने उघडली. ‘म्हणे’ म्हणजे तोच म्हणे. पण यातलं निम्मं सोडून दिलं, तरी माणूस कसबी होता.

सत्तरी उलटली आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला. त्याने लेकीलाही पत्ता लागू दिला नाही. गिऱ्हाईक आलं की ‘आज सुट्टी’. सुट्ट्या इतक्या वाढल्या की गिऱ्हाइकं आटली. उरल्या फक्त दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांची किल्ली दर गुरुवारी न चुकता हरवायची. तो जाऊन दार उघडायचा, मग चहा आणि तासभर गप्पा. आठवडाभराचं बोलणं तेवढ्यात उरकायचं. हाताचं कळलं तर बाई दुसरा कारागीर बघतील आणि गुरुवार बुडेल, या धास्तीने तो डाव्या हाताने उजवं मनगट आवळून काम रेटत होता.

त्या गुरुवारी मात्र तार दारातच बसवलेल्या कुलपाचं भोक सोडून सगळीकडे फिरली.

“काय किल्लीवाले, कुलूप रुसलं का?”

“जुनं आहे बाई. जुनी खोडं हट्टीच.”

तार खणकन पडली. उचलली, पुन्हा पडली. जन्मभर थापा मारणाऱ्याला ऐन वेळी एक थाप सुचेना.

“कुलपाला कशाला नावं ठेवू? हातच गेलाय माझा. वर्ष झालं. तुम्ही दुसरा कोणीतरी बघा.”

एवढं बोलून त्याने दाराला पाठ टेकली, आणि दारासकट आत गेला! चौकट धरली म्हणून वाचला.

पन्नास वर्षांच्या धंद्यात त्याने दार आधी ढकलून कधी पाहिलंच नव्हतं.

“चार महिने उघडंच असतं,” बाई म्हणाल्या. “तुमचा हात दिसला, तेव्हापासून मी कुलूप लावत नाही.”

“आणि किल्ली?”

“पर्समध्ये. तीन वर्षं. नुसतं चहाला या म्हणायची लाज वाटायची हो.”

किल्लीवाला आधी खोकला, मग हसला, मग पायरीवरच बसून डोळे पुसेपर्यंत हसला. छातीवरचा वर्षाचा धोंडा उतरला होता.

बाईंनी कप अर्धाच भरला. बशी खुळखुळ वाजली. त्याने वाजू दिली.

घरी जाऊन त्याने लेकीला सांगितलं, “आज एक दार मी नुसती पाठ लावून उघडलं.”

“हो, बाबा,” लेक म्हणाली. “आणि तिजोरी शिंकेने.”