टोपीतली अंडी

"काका, विमान थांबवून ठेवलंय. लवकर उरका!" वॉकीटॉकीवर टॉवरमधला साहेब ओरडला.

"मी उरकतोय हो, पण बाईसाहेब ऐकत नाहीत," हुर्रकाका म्हणाले आणि त्यांनी तिसरा फटाका उडवला.

बाईसाहेब म्हणजे टिटवी. धावपट्टीपासून दहा पावलांवर, खड्यांत चार अंडी घालून बसलेली. गवत वीतभर उंच असलं की टिटव्या फिरकत नाहीत. त्यांना चहूकडचं दिसावं लागतं. पण मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून कुणीतरी हौसेने गवताची पार हजामत केली आणि टिटव्यांना आयतं अंगण मिळालं. फटाका वाजला की ती उडे, नेमकी विमानाच्या वाटेत घिरट्या घाली आणि परत अंड्यांवर. इंजिनात गेली म्हणजे?

एकतीस वर्षं काका पाखरं हाकलत होते. काकू मात्र शेजारणींना "विमानतळावर असतात" एवढंच सांगत. पुढे कुणी विचारलं की चहा टाकायला उठत. काकांना ते लागायचं. आणि आज त्याच विमानात काकू बसल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा, लेकीकडे नातवाचं तोंड पाहायला.

काकांनी टोपी काढली, अंडी अलगद आत ठेवली आणि कुंपणाकडे धूम ठोकली. टिटवीचं जोडपं कलकलाट करत मागे. टकलाला पंख घासून गेला तसे काका हसत ओरडले, "या, या, माझ्याच मागे या!"

कुंपणापाशी त्यांनी अंडी खड्यांत मांडली. मागे विमान गर्जत वर गेलं. काकांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी काकूंचा फोन आला.

"अहो, टोपी कुठे होती? एवढ्या उन्हात!"

"तू पाहिलंस?"

"सगळं विमान खिडक्यांना चिकटलं होतं. कोण हा वेडा, म्हणत होते. टक्कल मी ओळखणार नाही होय?"

"मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमचे हे. पाखरं हाकलतात. त्यांच्या हुकमाशिवाय विमान हलत नाही."

"अगं, हुकूम टॉवरचा असतो."

"असू दे. मी सांगून बसलेय."

काकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. टिटवी अंड्यांवर येऊन बसली होती. टोपी शेजारीच पडली होती. आणायला गेलं तर ती पुन्हा उठेल, म्हणून काका तसेच उघड्या डोक्याने उन्हात उभे राहिले.