गार अंगारा

मे २००३. भर दुपारी सायखेड्याजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळापुढं दोनशे माणसं रांग लावून उभी होती. पत्र्याच्या मांडवात बसलेला शीतलबाबा एकेकाच्या कपाळाला अंगारा लावत होता. अंगारा लागला की माणूस दचकायचा. वर पत्रा तापलेला, आणि कपाळावर मात्र बर्फ ठेवल्यासारखं गार.

"हिमालयातल्या गुहेची राख आहे ही," बाबा सांगायचा. "ऊन कुणाला मारत नाही. उन्हात एक बाई फिरते, ती माणसाला झपाटते. आजाऱ्याला घोंगडीत गुंडाळा. सव्वा तास पाणी देऊ नका, पाण्यावाटे ती पोटात उतरते."

स्वतः बाबा दर चार वाक्यांनी तांब्या तोंडाला लावायचा. त्याच्या पोटात उतरायची तिची हिंमत नसावी.

पण मी हसणारा कोण? आदल्या वर्षी याच रांगेत मी होतो. माझी बायको चंद्रभागा साठवणीच्या चाळीत कांदा भरताना पडली. अंग कोरडं आणि तापलेलं, तोंडानं काहीबाही बडबड. मी तिला बाबाकडं आणलं. अंगारा लागल्यावर ती म्हणाली, गार वाटतंय. मला धीर आला. घोंगडी मीच गुंडाळली. सव्वा तास व्हायच्या आत ती गेली. बाधा जबर होती, असं लोक म्हणाले. मीही तेच सांगत राहिलो. मग एकट्यापुरत्या भाकरी थापायला शिकलो. कधी चुकून जास्त व्हायच्या.

यंदा मार्चमध्ये उपकेंद्राच्या दीपमाला सिस्टरनी उन्हाळ्याच्या तयारीसाठी सभा बोलावली. आम्ही तिघंच गेलो. मी गेलो, कारण घरी बसवत नव्हतं. सिस्टरनी उष्माघाताची लक्षणं वाचून दाखवली. ती चंद्रभागाचीच हकीकत होती. सभा संपायच्या आत मी उठून घरी आलो. घरी हे बोलायला कोणी नव्हतं.

आता मांडवात शेजारच्या सहादूची सून शुभांगी आणली होती. तीही कांद्याच्या चाळीतूनच. सहादू घोंगडी उलगडायला लागला. मी ती ओढून घेतली आणि पाणी आणायला सांगितलं.

"जयरामतात्या, मधी पडू नका. बाधा हाय तिला. तुमच्या घरी तर तुम्हीच..."

"माझ्या घरी चंद्रीनं पाणी मागितलं होतं, सहादू. मी दिलं नाय."

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सहादूचे हात थांबले. त्याची बायको पुतळाबाई उठली आणि तिनं बाबाच्या शेजारचा पाण्याचा माठ उचलून सुनेच्या अंगावर रिकामा केला.

कोणीतरी सिस्टरना बोलावून आणलं. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, अंगावर ओता, वारा घाला, असं त्यांनी सांगितलं. थर्मामीटर एकशे पाच दाखवत होता. तेवढ्यात बाबानं पुढं होऊन शुभांगीच्या कपाळाला अंगारा फासला आणि गार झाली, गार झाली, असं ओरडला. सिस्टरनी पुन्हा थर्मामीटर लावला. एकशे पाचच. जीप आली आणि आम्ही तिला ओल्या लुगड्यात दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर देवळापुढं आल्या. पुतळाबाईच्या चुलीतली राख घेतली, त्यात पानटपरीवरून आणलेला पेपरमिंटचा खडा कुटून मिसळला आणि ती राख सगळ्यांच्या कपाळाला लावली.

"हेच की," सहादू म्हणाला.

पेपरमिंट कातडीला गार असल्याचं भासवतं, आतलं रक्त तापलेलंच राहतं, हे सिस्टरनी समजावलं. बाबा देवाच्या कोपाचं बोलू लागला.

"बाबा, तुमचा हिमालय लय जवळ निघाला," मागून कोणी म्हणालं. "टपरीच्या बरणीत हाय."

दुपारच्या एसटीनं बाबा गेला. चौथ्या दिवशी शुभांगी घरी आली.

मग सिस्टरच्या सभेला अख्खं गाव बसलं. अकरा ते चार कांद्याचं काम बंद, प्रत्येक चाळीवर पाण्याचा माठ, पत्र्यावर ओलं गोणपाट, एक जीप तयार. एकटी राहणारी माणसं कोण, त्यांची यादी केली. दुपारी कोणी ना कोणी जाऊन बघायचं. यादीत पहिलं नाव माझं आहे. पुतळाबाई दारातून विचारते, पाणी प्यालात का? मी हो म्हणतो. ती गेली की घर पुन्हा गप्प होतं.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. उन्हात माणूस पडलं, बडबडायला लागलं, तर त्याला सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, दवाखान्यात न्या. देवाला नंतर जा. तो कुठं जात नाही. माणूस जातं.