टाकीत साचलेलं दव

मी एक विमान बोलतोय. विमान म्हटलं की लोक माना वर करतात. माझ्यासाठी एवढे कष्ट नकोत. मी दोन माणसांपुरता, पुढे एक पंखा असलेला, लोणी काळभोरच्या पुढच्या छोट्या धावपट्टीवर शिकाऊ पोरांना उडायला शिकवणारा. माझ्या खुर्चीत बसून कितीकांनी देवाचं नाव घेतलं आणि खाली उतरल्यावर सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. माणसांचं असंच असतं.

थंडी मला सोसत नाही. टाकी अर्धी रिकामी राहिली की आत दव धरतं आणि पाणी तळाशी साचतं. म्हणून संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून ठेवायची, ही इथली जुनी शिस्त. पण हुरड्यापुढे ती टिकत नाही. रोज कुणाच्या तरी शेतावरून बोलावणं येई आणि सगळे ‘उद्या भरू’ म्हणत गाड्यांत बसत. त्यात आठवडाभर दाट धुकं, मी जागचा हललो नाही. टाकीच्या झाकणाचं रबरही चिरलेलं. पोटात पाणी साचत होतं आणि मला साधी उचकीही देता येत नव्हती.

धुकं निवळलं त्या सकाळी उत्कर्षा आली. वाशीमची पोर, येरवड्यात खोली घेऊन राहणारी. आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. तिने टाकीच्या तळातून पेल्यात थोडं इंधन काढलं. पाणी असलं तर ते खाली बसतं, वेगळा थर दिसतो, असं तिला शिकवलं होतं. थर दिसला नाही. कसा दिसणार? पेल्यात निव्वळ पाणीच होतं. इंधन निळसर असतं, पण तिने पेला धरला तो निळ्या आभाळासमोर, मग पाणीही निळसरच दिसलं. पोरी, निदान हुंगून तरी बघ, मी मनातल्या मनात ओरडत राहिलो.

“सर, एकदम क्लिअर आहे,” ती म्हणाली.

“मग निघा आपण. की मुहूर्त काढून देऊ?” तिचे शिक्षक बद्रीनाथ म्हणाले. त्यांनी पेल्याकडे पाहिलंही नाही.

नळीत उरलेल्या इंधनावर मी कसाबसा वर उठलो. चिंचेच्या शेंड्यांवर पोचलो तोच पाणी इंजिनात आलं आणि माझा श्वास कोंडला. उत्कर्षा घाबरली, पण एवढ्या कमी उंचीवर धावपट्टीकडे मागे वळायची चूक तिने केली नाही. समोरच्या कांद्याच्या वावरात तिने मला उतरवलं. बांधावर पंख आपटला, टाकी फुटली, होतं नव्हतं ते पाणी आणि इंधन मातीत जिरलं. तिच्या मणक्याला मार बसला. थंडीने इंजिनात बर्फ धरला असेल, असं बद्रीनाथ सरांनी ठरवून टाकलं.

आता मी शेडच्या कोपऱ्यात एका पंखानिशी पडून असतो. परवा ती आली होती, कमरेला पट्टा बांधून. माझ्या नाकावर हात ठेवून उभी राहिली.

“मी सगळं तपासलं होतं रे. तूच का दगा दिलास?”

मला फार वाईट वाटलं. दगा दिल्याचा आळ एक वेळ सोसेन. पण पुढच्या थंडीपर्यंत ती बरी होईल आणि दुसऱ्या कुठल्या तरी विमानाखाली पेला घेऊन उभी राहील, तशीच आभाळाकडे बघत. तुम्हाला ती भेटली तर तिला सांगाल का? मला सांगता येत नाही.