पत्रेमास्तरांचा जोड

शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर गुडघे टेकून पत्रेमास्तर गाडीच्या मागच्या दारावर लोहचुंबक फिरवत होते. चुंबक रुमालात गुंडाळलेलं, नाहीतर रंगावर ओरखडा यायचा. पत्र्यावर पुट्टीचा थर असला की चुंबक हातात ढिलं पडतं. इथे ते टोकापासून टोकापर्यंत घट्ट चिकटून राहिलं.

गाडी चार दारांची, गडद निळी, आठ सिलिंडरची. सहा वर्षं जुनी; पण रुबाब असा की शेजारच्या नव्याकोऱ्या गाड्या तिच्यापुढे शाळकरी वाटाव्यात.

मास्तरांची मुलगी हाताची घडी घालून बापाच्या बोटांकडे बघत होती. ती भूलतज्ज्ञ. तीन हॉस्पिटलांत माणसांना झोपवायचं आणि सुखरूप जागं करायचं, हे तिचं काम. मध्येच फोन आला की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळायचं, म्हणून वेगाची आणि भक्कम गाडी हवी, असं ती सगळ्यांना सांगे. खरं कारण वेगळं होतं. सात वर्षांची असताना बाप कामाला होता त्या गॅरेजात टायरांच्या ढिगावर बसून ती असल्या इंजिनांचे आवाज ऐकायची, आणि ते वेड काही उतरलं नव्हतं.

"काका, आता तिला ताप आहे का तेवढं बघायचं राहिलंय," शोरूमचा मालक म्हणाला. माणूस पन्नाशीचा, जिभेवर साखर ठेवून फिरणारा.

मास्तर हसले नाहीत. डिकीतलं कापड उचलून त्यांनी मागचा भाग पाहिला, बॉनेट उघडून पुढचा पाहिला. मार बसतो तो पुढून किंवा मागून. चाळीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. शेवटी कमरेवर हात देत ते उठले.

"अस्सल आहे. हिला कुणाचा हात लागलेला नाही."

मुलगी खुलली. "ऐकलंत ना?" ती मालकाला म्हणाली. "आता मला कुठला रिपोर्ट नको. माझ्या बाबांनी आयुष्यात कधी खोटा पत्रा जोडला नाही. त्यांनी हो म्हटलं की हो."

मास्तरांनी चुंबक खिशात टाकलं आणि उगाचच रुमालाने हात पुसले.

चालवून बघायला ती स्टिअरिंगवर बसली, मास्तर शेजारी, मालक मागे. शहर संपलं आणि सरळ, रुंद रस्ता लागला तशी तिने गाडीला मोकळं सोडलं. ऐंशी, शंभर, एकशे तीस. इंजिनाचा आवाज वाढला, पण आतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलेना. मुलगी मनापासून हसत होती. नवरा गेल्यापासूनच्या तीन वर्षांत मास्तरांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं आणि त्यांचाही जीव सुपाएवढा झाला.

तेवढ्यात पुलावरचा सांधा आला. गाडीने हलका हिसका खाल्ला आणि मास्तरांच्या पायाखाली आवाज झाला. टक्.

मुलीने ऐकला नाही, मालकाने ऐकला नाही. मास्तरांनी ऐकला.

पुढच्या सांध्याला पुन्हा टक्.

सीट मागे घेण्याच्या निमित्ताने त्यांनी हात खाली सोडला. दाराच्या कडेला गालिचा चिकटवलेला होता. नखाने उचकटून त्यांनी दोन बोटं आत घातली. बोटांना वेल्डिंगची रेघ लागली. सरळ, मग पायरी, मग सरळ, मग पुन्हा पायरी.

सगळे कारागीर जोड सरळ कापतात. पायऱ्या पाडून जोडणारा माणूस या धंद्यात एकच होता, आणि तो आत्ता या सीटवर बसला होता.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. गॅरेजमालकाने दोन सांगाडे आणून टाकले होते, एक पुढून चुरडलेला, एक मागून. दारं नव्हती, इंजिन नव्हतं, नुसता राखाडी पत्रा. "यांची एक गाडी करायची. तुमच्याशिवाय हे कुणाच्या बापाला जमणार नाही," तो म्हणाला होता. झालं! मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले. पैशाचा मोह नव्हता; चार दिवस बाकीची पोरं कामं टाकून त्यांचे हात बघत उभी राहिली होती, त्याचा मोह होता. जोडाच्या आत बसवायची पोलादी पट्टी आलीच नाही. गॅरेजमालकाने घाई केली आणि मास्तरांनी तशीच शिवण मारली. जोरात हिसका बसला की ही गाडी मधोमध उकलू शकते, हे तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. वर्षभराने काम सोडलं, पण घरात ते कधी बोलले नाहीत.

आता शिवणीत बोटाचं नख सहज शिरत होतं.

"बाबा, आता ब्रेक!" मुलगी म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय. पट्टा छातीत रुतेपर्यंत ब्रेक मारल्याशिवाय गाडी घ्यायची नाही. धरून बसा."

"नको!"

आवाज इतका चिरका निघाला की मागे मालकही दचकला.

"का? काय झालं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. मघाशी शोरूममध्ये ती काय म्हणाली होती, कशा अभिमानाने म्हणाली होती! मास्तरांनी खोट्याचा आधार घेतला.

"मला... बरं वाटत नाहीये. बाजूला घे."

तिने एकदाच मान वळवून पाहिलं. बाप पांढराफटक पडलेला, कपाळावर घामाचे थेंब. तिचा डावा हात त्यांच्या मनगटावर आला. नाडी धावत होती.

"छातीत दुखतंय?"

"नाही. थोडंसं. तू थांब फक्त."

"इथे थांबून काय करू? पुढच्या फाट्यावर माझं एक हॉस्पिटल आहे. सहा मिनिटांत पोचते. बोलू नका, श्वास घ्या." आणि तिने पाय दाबला.

एकशे पन्नास. एकशे साठ. करायला गेलो काय आणि झालं काय! मास्तरांना पायाखालचा पत्रा थरथरताना कळत होता. पुढे, बराच लांब, एक मालट्रक आडरस्त्यावरून तोंड बाहेर काढत होता. आता ती ब्रेक मारणार. माझ्यासाठी मारणार, आणि जोरात मारणार.

"मला काही झालेलं नाही!" ते ओरडले. "खोटं बोललो मी. ही गाडी मी जोडलीय!"

"बाबा, बोलू नका म्हटलं ना!"

"अगं ऐक! सीटखाली जोड आहे, पायऱ्यांचा. माझा आहे तो. दोन गाड्यांची एक केलीय मी. आत पट्टी घातलेली नाही. जोरात ब्रेक मारलास तर उकलेल. पाय काढ, नुसता पाय काढ!"

क्षणभर इंजिनाचा आवाज होता तसाच राहिला आणि मग उतरू लागला. एकशे चाळीस, एकशे दहा. मालट्रक निम्मा रस्त्यावर आला होता. तिने ब्रेकला पायाचं नुसतं टोक लावलं, सोडलं, लावलं, सोडलं. सुई घालताना तिचा हात असाच स्थिर राहत असेल. मालट्रक रस्ता ओलांडून पुढे सरकला, त्याच्या मागून हातभर अंतराने गाडी निघाली आणि रस्त्याच्या कडेला खडीत जाऊन उभी राहिली.

"काका, ही काय मस्करी आहे?" मालकाच्या जिभेवरची साखर विरघळली होती. "माझे सगळे कागद स्वच्छ आहेत!"

मुलगी उतरली. वळसा घालून आली, बापाच्या बाजूचं दार उघडलं, खाली बसून गालिचा ओढला आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. मग दोन बोटं त्या रेघेवरून फिरवली, पायरीपायरीने. उठली तेव्हा तिने किल्ली खिशात घातली.

"ही आता कुणी चालवायची नाही," ती मालकाला म्हणाली. "उचलून न्यायला क्रेन बोलवा. आणि ही पुन्हा शोरूममध्ये विकायला उभी राहिली तर मी दारात येऊन बसेन."

मालक फोन कानाला लावून लांब गेला. मास्तर खडीत उभे होते. ती चिडेल, रडेल, बोलणं टाकेल, यातल्या कशालाही ते तयार होते.

"तेव्हाच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "माझं तोंड उघडलं नाही. तुझ्यासमोर तर नाहीच. मला माफ..."

"ते नंतर," ती म्हणाली. तिचा आवाज थंड होता आणि हनुवटी किंचित हलत होती. "आमच्याकडे चूक झाली की आधी पेशंट कुठे आहे ते बघतात. अशा किती जोडल्यात?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"तीन."

"बाकीच्या दोन आत्ता कोण चालवतंय?"

मागून गाड्या सुसाट येत होत्या, एकामागून एक. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले.