जुळ्याचा डोळा

वडगावच्या मष्णूअण्णांना हट्टी म्हणणं म्हणजे हट्टीपणाचा अपमान. डोळे तपासायच्या शिबिरात डॉक्टरीण प्रियदर्शनीनं फोटो काढला आणि सांगितलं, "उजव्या डोळ्याच्या पडद्यावर वयाचा डाग आलाय. दवाखान्यात या." अण्णांना ऐकू आलं ते एवढंच, की आता माग बंद. पन्नास वर्षं साड्या विणलेल्या माणसाला माग सोडायला लावणं म्हणजे जिवंतपणी त्याचं तेरावं घालणं. अण्णा मनातून लई घाबरले, पण बायकोलाही बोलले नाहीत.

महिनाभर टाळलं, मग शक्कल लढवली. जुळा भाऊ भरमू बेळगुंदीला शेती करतो. नाक तेच, टक्कल तेच, चालणंही तेच. त्याला बोलावून घेतलं.

"माझ्या नावानं तू दवाखान्यात जा. एकाच बियाची रोपं आपण. तुझा डोळा चांगला निघाला की माझाबी चांगलाच."

भरमू भोळा. गेला की आत. अण्णा बाहेर बाकावर बसले, स्वतःच्या हुशारीवर खूश.

पाच मिनिटांत डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मागून मान खाली घातलेला भरमू. "असा डाग महिन्याभरात पुसून जात नाही," त्या म्हणाल्या. "खरे मष्णूअण्णा, चला आत."

अण्णा भरमूला घेऊन आत गेले ते भांडायलाच. "बी एक हाय न्हवं? मग डाग मलाच कसा?"

"बी एकच. पण त्यातले कुठले गुण चालू राहायचे आणि कुठले बंद, ते वय, खाणं, धूर ठरवतात. भरमूआप्पा बिडी ओढतात?"

"मला वासबी सोसत न्हाय," भरमू म्हणाला.

"आणि तुम्ही?"

अण्णा छताचा पंखा बघायला लागले. दिवसाला दोन बंडलं ओढायचे ते.

"मग बंद पडलेलं परत चालू करायचं औषध द्या की."

"त्याच्यावर अजून प्रयोग चाललेत. तोवर बिडी सोडायची, आणि डोळ्यात औषधाची सुई घ्यायची."

अण्णा उठलेच. "माझं डोळं ठणठणीत हाईत." बाईंनी त्यांचा डावा डोळा झाकला आणि बारीक चौकडीचा कागद पुढं धरला. अण्णांनी नाक मुरडलं. "कुणाचं काम हे? मधल्या रेघा सगळ्या वाकड्या. असला माल मी दारात घेत न्हाय."

भरमूनं वाकून बघितलं. "मष्णू, सरळ हाईत रं."

ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, त्यानं विणकराला सरळ काय ते शिकवावं? अण्णांनी कागद फिरवला, उलटा केला. कागद फिरला, पण वाकडेपणा मधल्या जागेवरून हलेना. दोन्ही डोळ्यांनी बघताना हे कधी कळलंच नव्हतं. अण्णांनी कागद खाली ठेवला.

"माग सुटंल?" त्यांनी हळूच विचारलं.

"आज सुईला बसलात तर बहुतेक नाही. उशीर केलात तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

अण्णा खुर्चीत टेकले. "द्या सुई," म्हणाले. "भरम्या, हिकडं ये. हात धर माझा."