नियमात न बसलेली पेटी

मी एक जुनी ट्रॉली आहे. विमानतळाच्या मालगोदामामागे मला भिंतीला टेकवून ठेवले आहे. मित्रांनो, विमानात बसल्यावर तुम्ही खिडकीतून पंख बघता, ढग बघता. खाली उभ्या असलेल्या ट्रॉलीकडे कोण कशाला बघेल? माझी त्याबद्दल तक्रार नाही.

एका कारखान्यात लोखंडी सांगाडा, जाड पत्रा आणि चार रबरी चाके जोडून मला घडवले. माझे पुढचे डावे चाक पहिल्यापासून जरा हट्टी. गोदामाचे मुकादम म्हणायचे, "हिला गोडीगुलाबीने वळवावं लागतं. जोर केला की अडून बसते." त्यांनी दर आठवड्याला मला तेल दिले.

माझे काम सोपे होते. एका देशाचे विमान माल उतरवून जाई, दुसऱ्या देशाचे तो पुढे नेई. मधली वाट माझी. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, फुले, एकदा तर पिंजऱ्यातली दोन माकडे. त्यांनी मुकादमांची टोपी पळवली, तेव्हा सगळे गोदाम पोट धरून हसले होते.

मग सरकारचा नवा नियम आला. एका परदेशी विमान कंपनीचा माल दुसऱ्या परदेशी कंपनीला इथे परस्पर द्यायचा नाही. प्रत्येक वेळी वरून लेखी परवानगी आणायची. नियम अगदीच वेडा नव्हता. मधल्या वाटेवर चोरटा माल सापडला होता आणि आपल्या विमान कंपन्यांचा धंदा बसत चालला होता. पण नियम सोमवारी सकाळी लागू झाला आणि त्याच दुपारी माझ्यावर एक लांबट लाकडी पेटी आली.

पेटीत एक गवंडी होता. परदेशात बांधकामाच्या परांचीवरून पडून तो गेला होता. त्याला घरी न्यायला त्याची मोठी बहीण सोबत आली होती. त्यांच्या देशाला जाणारे पुढचे विमान, तेही दुसऱ्या परदेशी कंपनीचे, दीड तासाने होते.

तपासणी अधिकाऱ्याने कागद पाहिले. "परवानगी नाही. माल पुढे जाणार नाही."

"साहेब, माल नाही तो," बहीण म्हणाली. "माझा धाकटा भाऊ आहे."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घातली. "ताई, माझ्या कागदावर दोनच रकाने आहेत. टपाल आणि माल. तिसरा असता तर मी आत्ता सही केली असती."

विमान गेले. बहीण गेली नाही. ती माझ्या कडेला जमिनीवर बसली आणि तिने आईला फोन लावला. "आई, थोडा उशीर होतोय. हो, तोंड बघायला मिळेल. तू जेवून घे."

पत्रा तापला होता. मुकादमांनी पेटीवर ताडपत्री टाकली आणि शीतखोलीकडे धाव घेतली. तिथे फुलांची खोकी छतापर्यंत रचलेली. आत ठेवायलाही परवानगीचा कागद लागत होता. मुकादम अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, तुम्ही पाठ फिरवा. जे होईल ते माझ्या माथी." त्यांनी स्वतः खोकी ओढून बाहेर काढली आणि पेटी आत सरकवली.

फुले संध्याकाळपर्यंत माना टाकून बसली. फुलांच्या मालकाने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी मुकादम निलंबित झाले आणि पेटी पुन्हा माझ्यावर, बाहेर आली. दोन दिवस तशीच. बहीण ताडपत्री ओली करत राहिली. ये-जा करणारे नाकाला रुमाल लावू लागले. तिने लावला नाही.

चौथ्या दिवशी परवानगी आली. त्यावर लिहिले होते, 'नाशवंत माल, विशेष सवलत.'

मुकादमांना आत यायची बंदी होती. ते कुंपणाच्या जाळीपलीकडे उभे होते. बहिणीने जाळीजवळ जाऊन विचारले, "काका, आईला तोंड दाखवता येईल ना?"

त्यांनी ताडपत्रीखालच्या पेटीकडे पाहिले. मग म्हणाले, "पोरी, पेटी उघडू नकोस. त्याचा एखादा हसरा फोटो असेल, तो दे आईच्या हातात."

तिने जाळीला कपाळ टेकले. "मी तिला शब्द दिला होता हो," एवढेच ती म्हणाली.

नवख्या हमालांनी मला जोर लावून ओढले. माझे चाक अडले, पेटी हिंदकळली. तिने दोन्ही हातांनी ती धरून ठेवली, विमानापर्यंत.

मुकादम पुन्हा कामावर आले नाहीत. परदेशी कंपन्या आपला माल दुसऱ्या देशांच्या विमानतळांवरून नेऊ लागल्या. वर्षभराने कागदावर तिसरा रकाना आला, असे ऐकले. तोवर मला गंज चढला होता आणि त्या घरी आईने बंद पेटीलाच निरोप दिला होता.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी मोठ्या खुर्चीवर बसेल आणि नियम लिहील. जरूर लिहा, नियमांवाचून गोदाम चालत नाही. पण सही करण्याआधी एकदा गोदामात येऊन उभे राहा. पेटीत काय आहे ते विचारा. आणि पेटीसोबत कोण आले आहे, तेही विचारा.